आधी तालीम, मग मंगळागौर

भिवंडीत कापडाला तोटा नाही, कडीला आहे. गोफ विणायचा म्हटला की आठ लांबलचक पट्ट्या लागतात आणि त्या वरून सोडायला छतात एक भक्कम कडी लागते. पट्ट्यांची चिंता या गावात कोणी करत नाही. ग्रे, म्हणजे रंगायला-धुवायला जाण्याआधीचं कोरं कापड, इथे कोणाच्या तरी भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या कारखान्यातून येतंच. कडीचं मात्र अवघड आहे. जुन्या घरांत तुळईला पाळण्याची कडी असे, ओटीवर झोपाळ्याच्या कड्या असत. आता हॉलला फॉल्स सीलिंग आणि त्यात गोल गोल दिवे. आषाढ उतरणीला लागला आणि बायकांची तालीम सुरू झाली, की पहिला अर्धा तास यावरच जातो. "पंख्याच्या हुकाला बांधू या का?" "बांधशील गं, पण पंखा उतरवणार कोण?" मग इमारतीच्या पार्किंगमधली एखादी लोखंडी तुळई सापडते, दोन स्कूटर बाजूला होतात आणि श्रावणातल्या कार्यक्रमाची तयारी खऱ्या अर्थाने सुरू होते.

हा कार्यक्रम म्हणजे मंगळागौर. घरातली पूजेची नव्हे, हॉलमधली. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आता मंगळागौरीचे खेळ करणारे महिलांचे गट आहेत. ते बोलावल्यावर येतात, मानधन घेतात, स्पर्धांत उतरतात, आणि त्यांची हवा खाडी ओलांडून भिवंडीलाही लागते. पाहुण्या बायकांना आधीच निरोप जातो: नऊवारी, नथ, अंबाडा, गजरा. थोडक्यात, एका संध्याकाळपुरतं सगळ्यांनी पणजीच्या काळात जायचं. पोशाख भाड्याने मिळतो. पण पणजीला येत असलेली फुगडी भाड्याने मिळत नाही, ती शिकावी लागते.

इंग्लंडात हीच गंमत दुसऱ्या वेषात चालते. बाथ शहरात दर सप्टेंबरात कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाचा महोत्सव भरतो. लोक दोनशे वर्षांपूर्वीचे झगे आणि कोट घालून रस्त्याने मिरवतात, रात्री बॉल असतो, आणि बॉलच्या आधी नाच शिकवण्याचे वर्ग असतात. कारण सोपं आहे. त्या काळचे कंट्री डान्स, म्हणजे समोरासमोर दोन रांगा करून नाचायचे समूहनाच, एकट्याला येऊन भागत नाहीत. स्त्रियांची एक रांग, पुरुषांची एक. वरच्या टोकाची जोडी आपली वळणं घेत एकेक घर खाली सरकते, खालच्या जोड्या वर येतात, आणि संपूर्ण रांग हळूहळू फिरते. एकाने डावीकडच्या ऐवजी उजवीकडचा हात पुढे केला की पुढच्या चौघांचा खोळंबा. त्यामुळे तिकीट काढलेला पाहुणाही आधी तालमीला येतो.

त्यांच्याकडे एक सोय आहे, आपल्याकडे नाही. जॉन प्लेफर्ड नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६५१ साली या नाचांचं पुस्तक छापलं. क्रॉमवेलच्या सोवळ्या राजवटीत नाचाचं पुस्तक खपलं ही त्यातली मौज. पुढे १७२८ पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, नाच वाढत गेले. पण पुस्तक म्हणजे नुसत्या टिपणवजा सूचना: अमुक पावलं पुढे, तमुक मागे, बाजूला या, वळा. ज्याला नाच आधीच येतो त्याला आठवण देण्यापुरत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प या संगीत-संग्राहकाने ती पानं उघडून हे नाच पुन्हा उभे केले तेव्हा त्याला अनेक ठिकाणी अंदाजाने पाऊल टाकावं लागलं. जोडीदारांनी एकमेकांच्या बाजूला येण्याची जी एक हालचाल आहे, ती त्याने वळणदार लावली. पुढे पॅट शॉ नावाच्या अभ्यासकाने ती सरळ रेषेतली असावी असं मांडलं. आज दोन्ही तऱ्हा नाचल्या जातात, आणि वर्ग सुरू होण्याआधी शिक्षक सांगतो की आज शार्पची का शॉची. प्रकरण मिटलेलं नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलेलंही नाही.

मंगळागौरीला प्लेफर्ड लाभला नाही. सरोजिनी बाबरांनी आयुष्य घालवून महाराष्ट्राच्या बायकांची गाणी, उखाणे, कहाण्या गोळा केल्या, पुस्तकांमागून पुस्तकं काढली. त्या पिढीने शब्द वाचवले, हे उपकार मोठेच. पण पाय कसे पडायचे, हात कुठे धरायचा, गिरकी कोणत्या बाजूने, हे शब्दांइतकं कागदावर आलं नाही. ते एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे, तेही अंगणात, माजघरात, रात्रीच्या जागरणात गेलं. आता खेळांच्या नावांची यादी करायला बसलं तर दम लागतो: झिम्मा, पिंगा, फुगडी, लाट्या, कोंबडा, साळुंकी, आगोटा-पागोटा, किकीचं पान, गाठोडं, घागर फुंकणं, सूप नाचवणं, टिपऱ्या, गोफ. एकट्या फुगडीतच दंडफुगडी, बसफुगडी, जातं, एकहाती, पाटावरची. तालमीला येणाऱ्या बायकांना यातली निम्मी नावं आईच्या तोंडून ऐकून माहीत असतात. कृती मात्र यूट्यूबवरून घ्यावी लागते. आजचा प्लेफर्ड तोच, फक्त त्याच्या आवृत्त्या हजार आणि प्रत्येकीत हात वेगळा.

यात एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. हे खेळ मुलींसाठी होते. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी गौर पुजायची, आणि ज्या काळात ही रीत घट्ट झाली त्या काळात नवी नवरी आठ-दहा वर्षांची असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची रेषा बारावर नेली तर केवढा गहजब झाला, आणि लग्नासाठी मुलीचं वय किमान चौदा असावं हे सांगायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला. म्हणजे बसफुगडी, कोंबडा, गाठोडं हे सगळं दहा-बारा वर्षांच्या गुडघ्यांना साजेल असं रचलेलं आहे. दिवसभर सासरी मान खाली घालून वावरणाऱ्या पोरीला एका रात्रीपुरतं उड्या मारायला, ओरडायला, नणंदेची आणि सासूची गाण्यातून चेष्टा करायला मिळालेली ती सूट होती.

आज तालमीला येणारी बाई पन्नाशीची असते. तिची मुलं नोकरीला लागलेली, तिच्या पर्समध्ये कॅल्शियमच्या गोळ्या. उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे फेकायचे हा प्रकार ती करते तेव्हा सांध्यांचा आवाज शेजारणीला ऐकू येतो. पण साधी उभी फुगडी तिला लवकर जमते. पायांची बोटं जोडीदारणीच्या बोटांना भिडवायची, हातांची कैची करून पकडायचे, कोपर ताठ, आणि मग दोघींनी मागे रेलायचं. नवशिकी इथेच घाबरते. ती हात वाकवते, अंग पुढे घेते, पडू नये म्हणून. आणि त्यामुळेच पडते. वजन मागे टाकल्याशिवाय फेरा धरत नाही. जाड आणि बारीक अशी जोडी लागली तर जाडीने कमी रेलायचं असतं आणि बारकीने जास्त. हे शिकवणारीला भौतिकशास्त्र म्हणून माहीत नसतं, पण ती जोड्या लावताना नजरेनेच तोलते. "तू हिच्याबरोबर नको, ती तुला उडवून लावील."

३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला आणि या सगळ्याला वारं मिळालं. केदार शिंदे यांच्या त्या चित्रपटात दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, आणि पडद्यावर तालीमच जास्त दिसते: चुकणं, रुसणं, धापा टाकणं. वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी यांच्या वयाच्या बायका फुगडी घालताना पाहून थिएटरात नऊवारी नेसून गेलेल्या प्रेक्षकांनी मनात जे ठरवायचं ते ठरवलं. त्या वर्षी पंचांगानेही साथ दिली. १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. अधिकात मंगळागौर पुजत नाहीत. त्यामुळे चित्रपट पाहून पेटलेल्या गटांना सरावाला पूर्ण एक महिना फुकटात मिळाला. एरवी अधिक महिना आला की धोंड्याच्या वाणाची आणि जावयाची धांदल असते. त्या वर्षी फुगडीची होती.

चित्रपटाने नाचाची हौस लावली तशी आठ वर्षं आधी दुसऱ्या एकाने भांडणं लावली होती. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'वरून किती वादंग झालं ते आठवत असेल. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, साड्या तशा नेसल्या जात का, पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतले. आक्षेप इतिहासाच्या अंगाने रास्तच होते. पण त्यानंतर लग्नाच्या संगीतापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत ज्या पोरी पिंग्यावर नाचल्या, त्यांच्यातल्या कितीतरींना तो मंगळागौरीतला खेळ आहे हे त्या गाण्यामुळेच कळलं, हेही खरं. अस्सल काय आणि नक्कल काय याचा निवाडा नाचाच्या बाबतीत कागदपत्रांवर होत नाही.

इंग्रजांचीच दोन उदाहरणं घ्या. १९९५ च्या बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत एलिझाबेथ आणि डार्सी ज्या गाजलेल्या नाचात एकमेकांना टोमणे मारतात, तो नाच १६९५ सालचा आहे. ऑस्टिनची मूळ कादंबरी १८१३ ची. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जुना झालेला नाच मालिकेने जेन ऑस्टिनच्या काळातल्या तरुणांच्या पायात घातला. आज बाथच्या पाहुण्यांना नेमका तोच शिकायचा असतो. दुसरं उदाहरण गोफाच्या जवळचं. मे महिन्यात खांबाला रंगीत फिती बांधून मुलं त्या नाचत विणतात, हा प्रकार अनादि काळापासून चालत आलेला इंग्रजी ग्रामनाच आहे असा समज आहे. खांब जुना आहेच. पण फिती विणण्याची ही तऱ्हा तिथे १८३६ मध्ये लंडनच्या एका नाटकात दिसली, आणि १८८१ पासून जॉन रस्किन यांच्या प्रेरणेने व्हाइटलँड्स या शिक्षिकांच्या महाविद्यालयात जो मे महोत्सव सुरू झाला, तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी ती गावोगावच्या शाळांत नेली. शिक्षिकांनी रुजवलेला नाच दोन पिढ्यांत परंपरा झाला. आपल्याकडेही लेझीम, टिपऱ्या, गोफ हे कित्येकांच्या अंगात गेले ते शाळेच्या पटांगणावरच, पी. टी.च्या तासाला.

गोफाकडे परत यायला हवं, कारण भिवंडीचं आणि या नाचाचं नातं तिथे आहे. आठ जणी गोलात. एक, तीन, पाच, सात यांची तोंडं उजवीकडे. दोन, चार, सहा, आठ यांची डावीकडे. प्रत्येकीच्या डाव्या हातात वरून आलेली पट्टी, उजव्या हातात टिपरी. ताल सुरू झाला की उजवीकडे जाणारीने समोरून येणारी पहिली भेटते तिच्या आतून जायचं, दुसरी भेटते तिच्या बाहेरून, आणि डावीकडे जाणारीने याच्या उलट. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. वर पट्ट्यांचा गोफ विणत खाली येतो. उजवीकडे जाणाऱ्या चौघींकडे लाल आणि डावीकडे जाणाऱ्या चौघींकडे पांढरी पट्टी दिली तर लाल-पांढऱ्या शंकरपाळ्यांची नक्षी उठते. पट्ट्या हातभर उरल्या की सगळ्या मागे वळतात आणि उलट क्रमाने विणलेलं सगळं उलगडतात.

एक धागा वरून, दुसऱ्याच्या खालून. कापडाची साधी वीण असते ती हीच. भिवंडीच्या हजारो यंत्रमागांवर दिवसरात्र हेच चाललेलं असतं: ताण्याचे धागे एक सोडून एक वर उचलले जातात, मधून धोटा पलीकडे जातो, मग उरलेले उचलले जातात, धोटा परत येतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. नव्या मागांवर तर धोटाही राहिला नाही. गोफात धाग्याचं काम माणूस करतो, एवढाच काय तो फरक. म्हणून कारखान्याच्या आवाजात वाढलेल्या बाईला गोफ समजावून सांगावा लागत नाही, चूकही लगेच दिसते. एखादी दोनदा लागोपाठ आतून गेली की तिथे पट्टी एक घर चुकते. ग्रेच्या चेकिंग टेबलावर याला डॅमेज म्हणतात. गोफात शिक्षा जास्त कडक. उलगडताना ती चूक दुरुस्त करून चालत नाही, नीट पावलं टाकली तर गुंता होतो. ज्या जागी चूक झाली तिथे पोहोचल्यावर तीच चूक, तिच्याच हातून, उलट दिशेने व्हावी लागते. तालमीत सगळ्यात जास्त हसू यावरच येतं. "आता तू चूक हं, विसरू नकोस!"

आणि गोफ फक्त मराठी आहे असं समजायचं कारण नाही. भिवंडीत तर नाहीच. गावात पद्मानगर हा तेलुगू पद्मशाली विणकरांचा मोठा भाग आहे. सोलापूरसारखेच इथेही ते तेलंगणातून मागाच्या पाठोपाठ आले. त्यांच्या मुलखात टिपऱ्यांच्या कोलाटमचा जो प्रकार आहे, त्यात जडा, म्हणजे वेणी, घालतात: वरून दोर, खाली गोल, आत-बाहेर. तमिळनाडूत तो पिन्नल कोलाट्टम होतो, गुजरातेत गोफगुंथन. गोव्यात शिगम्याला शेतकरी गोफ विणतात. स्पेनपासून ब्राझीलपर्यंत फितींचे नाच आहेत. कोणी कोणाकडून घेतला याच्या शोधात पडण्यात अर्थ नाही. जिथे माणसाने वेणी घालायला, दोर वळायला किंवा माग चालवायला सुरुवात केली, तिथे कोणाला तरी पायांनीही हे करून पाहावंसं वाटलं असणार.

पद्मानगरात भाद्रपद अमावस्येपासून बतुकम्मा सुरू होतो. तरवडाची, कुरडूची, झेंडूची फुलं उतरंडीसारखी रचायची आणि तिच्याभोवती बायकांनी टाळ्या वाजवत, किंचित वाकत फेर धरायचा. नऊ दिवस. तेलंगण राज्याने २०१४ मध्ये त्याला राज्याचा सण केलं, पण भिवंडीतल्या बायकांना सरकारी मान्यतेची वाट पाहावी लागली नव्हती. तिथे वर्ग नसतो. फेर मोठा असतो आणि त्यात घुसायला कोणालाही मज्जाव नसतो. लहान मुलगी आजीच्या मागे राहून पावलं टाकते, चुकते, फेर तिच्यासाठी थांबत नाही, आणि नऊ दिवसांत तिला येऊ लागतं. मंगळागौरीचे खेळही एकेकाळी असेच शिकले जात. घरं लहान झाली, जागरण बंद झालं, मुलींची लग्नं पंचविशी-तिशीत होऊ लागली, ते सगळं चांगलंच झालं. त्याची किंमत म्हणून फुगडीची शिकवणी लावावी लागते, तर ती किरकोळ म्हणायची.

गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांचा मांडो हा या विषयातला खरा बॉलरूमचा नाच. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या मोठ्या घरांतल्या दिवाणखान्यात तो बहरला. बायकांची रांग, पुरुषांची रांग, बायकांच्या हातात पंखे, पुरुषांच्या हातात रुमाल, व्हायोलिनच्या जोडीला घुमट. युरोपच्या दोन रांगांच्या नाचाचा सांगाडा आणि कोंकणी हुरहूर. तोही आता घरच्या लग्नापेक्षा महोत्सवाच्या मंचावर जास्त भेटतो.

मंचावर आलं की पोशाखाचा प्रश्न येतोच. नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. कासोटा नीट बसला तर त्यात उकिडवं बसता येतं, उडी मारता येते, म्हणून तर खेळ त्यात बेतलेले आहेत. पण हल्ली शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. ती उभं राहून फोटो काढायला ठीक. बसफुगडीला बसलं की नको तिथे उसवते. तालमीच्या शेवटच्या दिवशी कोणीतरी अनुभवी बाई सगळ्यांना फर्मावते की पोशाख घालून एकदा पूर्ण खेळा. तेव्हा खरी परीक्षा होते. नथी गळतात, गजरे सुटतात, पिना टोचतात. अर्ध्या जणी घरी जाऊन आईची जुनी सुती नऊवारी काढतात आणि नेसायला कोणी येतं का याचा फोनवर शोध सुरू होतो.

जुन्या मंगळागौरीतली एक गोष्ट मात्र या गटांनी गाळली आहे आणि फार बरं केलं आहे. तिथे मान सवाष्णीचा होता. नवरा गेलेली बाई त्या रात्री माजघरातच राही, फार तर दिव्यात तेल घालायला पुढे येई. पार्किंगमधल्या तालमीत असा हिशेब कोणी मांडत नाही. लग्न न केलेली, घटस्फोट झालेली, नवरा गेलेली, सगळ्या एकाच गोलात. गटातल्या सगळ्यात चपळ बाईला कुंकू लावण्यावरून कोणी काही विचारत नाही, कारण तिच्यावाचून खेळातला बायकांचा पिरॅमिड उभा राहत नाही. इतिहासाच्या नावाने भरलेल्या कार्यक्रमात इतिहासाशी एवढी बेइमानी हवीच.

बाकी वाद चालूच राहतात, आणि ते फार गंभीरपणे चालतात. कैची करताना कोणाचा उजवा हात वर? कोकणातली म्हणते आमच्याकडे डावा. पुण्याकडची म्हणते छे, तसं कोणी करतच नाही. एकीने मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तर दुसरीने त्याच खेळाचा उलटा व्हिडिओ काढून दाखवला. शेवटी दोघी दोन जोड्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने घालू लागतात, आणि परीक्षकांच्या ते लक्षात येणार नाही यावर दोघींचं एकमत होतं.